बॅकहोचे पिन-बुश: नुसते बदलावेत की लाईन बोअरिंग करून घ्यावे?

बॅकहोच्या मागच्या खोदाईच्या हाताला, म्हणजे किंगपोस्टपासून (हात ज्यावर डावी-उजवीकडे वळतो तो भाग) बकेटपर्यंतच्या सांध्यांना, ढिलाई आली की मालकापुढे दोन मार्ग असतात: नवे पिन-बुश (सांध्यातली दांडी आणि तिच्याभोवतीची नळी) बसवून गाडी लगेच कामावर पाठवणे, किंवा बुशाची भोके वेल्डिंगने भरून ती पुन्हा मापात कोरून घेणे, म्हणजे लाईन बोअरिंग करणे. हा निर्णय बहुतेक जण खर्चाच्या आकड्यावरून घेतात. खरे तर तो बुश ज्या भोकात बसतो त्या भोकाच्या अवस्थेवरून घ्यायला हवा.

ती अवस्था गाडी न उघडताही बरीचशी कळते. बकेट जमिनीवर टेकवून ऑपरेटरला लिव्हर किंचित पुढेमागे करायला सांगावे आणि आपण सुरक्षित अंतरावरून सांध्याकडे पाहावे. पिन बुशात हलत असेल, पण बुश जागचा ढळत नसेल, तर झीज बहुधा पिन-बुशांपुरतीच असते. बुशच भोकात सरकत असेल, तर भोक खाल्ले गेले आहे. बुश काढल्यावर भोकाचा व्यास आडवा आणि उभा असा दोनदा मोजावा. दोन मापांत फरक आढळला, तर भोक अंडाकृती झाले आहे.

भोक गोल आणि मापात असेल, तर नुसते पिन-बुश बदलणेच शहाणपणाचे, कारण तिथे लाईन बोअरिंग हा निव्वळ जादा खर्च ठरतो. अडकलेल्या बुशाच्या आतून वेल्डिंगची एक रेघ मारली, की थंड होताना तो आकसतो आणि सहज निघतो. नवा बुश मात्र घणाने ठोकू नये. तो कोरड्या बर्फात गार करून किंवा प्रेसने बसवावा. बसल्यावर त्याचा आतला व्यास थोडा घटतो, हे टर्नरला आधीच सांगितलेले बरे.

अंडाकृती भोकात नवा बुश बसवणे म्हणजे मात्र तेच काम पुन्हा ओढवून घेणे. बुशाला वेल्डिंगचे चार टाके मारून तो पक्का करण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्याने बुश वाकडा होतो आणि पुढच्या वेळी काढताना घाम फुटतो. लाईन बोअरिंगमध्ये एकच दांडा समोरासमोरच्या दोन्ही भोकांतून जात असल्याने ती एका रेषेत येतात, आणि खरा फायदा तोच. गाडी काही दिवस उभी राहते, भाडे बुडते. पण किंगपोस्ट आणि बूमच्या (हाताच्या पहिल्या लांब भागाच्या) मुळाशी हा खर्च वसूल होतो. तिथे 30 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बुशांत पिन 1 मिलिमीटर तिरकी झाली, तरी 4 मीटर लांबीवर बकेट सुमारे 13 मिलिमीटर बाजूला जाते. बकेटजवळच्या सांध्याची ढिलाई एवढी वाढत नाही, म्हणून हात आखडता घ्यायचाच असेल तर तिथे घ्यावा.

पिन कंपनीची की लेथवर बनवून घेतलेली, हा वाद त्यामानाने छोटा. लेथवरची पिनही चालते. मात्र ती साध्या लोखंडी सळईची नसावी, ईएन 19 सारख्या पोलादाची आणि इंडक्शनने (विजेच्या तापाने) वरून कडक केलेली असावी. आरपार कडक केलेली पिन धक्क्याने तुटते.

कोणताही मार्ग घेतला, तरी बुशाचे ग्रीसचे छिद्र निपलसमोर (ग्रीस भरायच्या तोंडासमोर) आले आहे का हे पिन घालण्यापूर्वी पाहावे, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी ग्रीस गन मारून सांध्याच्या दोन्ही कडांतून ग्रीस बाहेर येते याची खात्री करावी.