झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्डचा तक्ता: आठ महिने वापरून झाल्यावर

इंग्लिशच्या कंडिशनल, म्हणजे जर-तरच्या, वाक्यांचा तो चार खणांचा तक्ता असतो ना, झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड, तो मी प्रिंट काढून मॉनिटरखाली चिकटवलाय त्याला आठ महिने झाले. दिवसभर कस्टमरना मेल लिहायचं काम, त्यामुळे रोज दहा वेळा तरी नजर जातेच. तक्ता कामाचा आहे, पण मराठीत विचार करणाऱ्याला तो अर्धाच पुरतो.

चिकटवायची वेळ का आली ते सांगतो. एका कस्टमरला कळवायचं होतं की पेमेंट मिळालं तर सोमवारी माल पाठवू. मी लिहिलं, "इफ वी रिसीव्ह्ड द पेमेंट, वी वुड शिप ऑन मंडे." उत्तर जरा तिरकंच आलं, पेमेंट येणारच नाही असं धरून चाललाय का तुम्ही? मला कळेचना काय बिघडलं, मिळालं म्हणजे रिसीव्ह्ड, बरोबरच आहे की! मग तक्ता बघताना ट्यूब पेटली. आपण 'मिळालं तर', 'आलास तर', 'पाऊस पडला तर' म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचं पण बोलणं उद्याचं असतं. इंग्लिशमध्ये इफनंतर भूतकाळ आणि पुढे वुड आलं की वाचणाऱ्याला वाटतं हे होईल असं यांना काही वाटत नाहीये, म्हणजे सेकंड. मला हवा होता फर्स्ट: "इफ वी रिसीव्ह द पेमेंट, वी विल शिप." एवढ्याशा फरकाने माणूस दुखावला, आणि मी वुड घातलं होतं ते नम्र वाटावं म्हणून.

झीरोबद्दल बोलण्यासारखं फार नाही. "इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स", दोन्हीकडे साधा वर्तमान, कधी चुकत नाही.

थर्डने मात्र रडवलं. "मला माहीत असतं तर मी आलो असतो", यात दोन्ही बाजूंना असतं-असतो आहे, मग हात आपोआप दोन्हीकडे वुड हॅव टाकतो, "इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम." अमेरिकन लोक बोलताना असं म्हणतातही, पण लिहिलेलं चूकच धरतात. बरोबर म्हणजे "इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम." मी तक्त्यावर पेनने लिहून ठेवलंय, 'तर'च्या अलीकडचं असतं म्हणजे हॅड, पलीकडचं म्हणजे वुड हॅव. या एका ओळीने जितकं काम केलं तितकं छापलेल्या तक्त्याने केलं नाही.

त्यात बोलताना हॅड आणि वुड दोन्हीचं नुसतं 'ड' होतं. आयड म्हणजे आय हॅड का आय वुड? पुढचं क्रियापद बघायचं, नोन, गॉन, सीन असं तिसरं रूप असेल तर हॅड, नो, गो, सी किंवा हॅव असेल तर वुड. कमचं पहिलं आणि तिसरं रूप एकच, तिथं आजूबाजूचं वाक्य बघण्यावाचून इलाज नाही. आणि 'यूड बेटर' हा हॅड असतो, का ते विचारू नका, पाठ करा.

तक्त्याची खरी उणीव म्हणजे मिक्स वाक्याला खणच नाही. "तेव्हा कोर्स पूर्ण केला असता तर आज टीम लीड असतो" हे कुठे बसवणार? अट कालची, परिणाम आजचा. मी दोन दिवस ते जबरदस्तीने थर्डमध्ये कोंबत होतो. इंग्लिशमध्ये सरळ अर्धं थर्ड, अर्धं सेकंड, "इफ आय हॅड फिनिश्ड द कोर्स, आय वुड बी अ टीम लीड नाउ."

दुसरी तक्रार, 'इफनंतर विल कधीच नाही' हा खाली ठळक छापलेला नियम. त्याच्या भरवशावर मी टीममधल्या एकीचं "आय डोन्ट नो इफ ही विल कम" खोडलं आणि तोंडघशी पडलो, कारण तिथं इफ म्हणजे 'जर' नाहीच, 'की नाही' आहे, येईल की नाही माहीत नाही. सॉरी म्हणावं लागलं. शिवाय "इफ यू विल वेट अ मोमेंट" अशी विनंतीही चालते, जरा थांबता का या अर्थाने.

अनलेसबद्दल तर तक्ता गप्पच. "जोपर्यंत तुम्ही कन्फर्म करत नाही तोपर्यंत सुरू करणार नाही", आपल्याकडे दोन नाही, म्हणून मी कितीतरी दिवस "अनलेस यू डोन्ट कन्फर्म" लिहीत होतो. अनलेसच्या पोटातच नाही आहे. आता मनात 'कन्फर्म केल्याशिवाय' म्हणतो आणि मग टाइप करतो, चूक होत नाही.

इफ आय वेअर यू, स्वल्पविराम वगैरे बारीकसारीक आठवड्याभरात जमलं.

प्रिंटच्या कडा आता वर आल्यात आणि छापलेल्यापेक्षा पेनने लिहिलेलं जास्त झालंय. एक खोड मात्र गेली नाही, प्रत्येक 'तर'ला मी 'देन' लावतो, अगदी चूक नाही पण दर वाक्यात आलं की शाळकरी वाटतं. काल एका मेलमध्ये चार सापडले, अर्थात सेंड दाबल्यावर.