जुन्या खिडक्या ठेवाव्यात की आघातरोधक बसवाव्यात?

जुन्या खिडक्यांचा विषय घरात निघाला की चार तक्रारी एका दमात बाहेर पडतात. वादळात काच फुटेल, रस्त्याचा आवाज आत येतो, दुपारी खोली तापते, आणि ती कडी कुणीही उचकटेल. विक्रेता चारही तक्रारींवर एकच औषध सांगतो, आघातरोधक खिडक्या. औषध चांगलं आहे पण महाग आहे, आणि यातल्या दोन तक्रारी त्याहून बऱ्याच स्वस्तात मिटतात. म्हणून आपली खरी तक्रार कोणती हे आधी ठरवलेलं बरं.

आघातरोधक खिडकी वेगळी असते ती काचेमुळे आणि चौकटीमुळे. दोन काचांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर, बहुधा पीव्हीबीचा, उष्णता आणि दाबाने चिकटवलेला असतो. हिलाच लॅमिनेटेड काच म्हणतात. मोटारीची पुढची काच अशीच असते. काही आदळलं तर काच तडकते, पण तुकडे त्या थराला धरून राहतात. म्हणजे ‘न फुटणारी काच’ हे वर्णन चुकीचं आहे. ती फुटते, पण जागा सोडत नाही. टफन्ड काचेशी तिची गल्लत करू नका. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, पण फुटली की अख्खं तावदान बारीक खड्यांसारखं खाली येतं. त्यामुळे मोठी जखम टळते, पण भिंतीत भोक पडायचं ते पडतंच.

वादळात हे भोकच घात करतं. वारा आत घुसला की घरातला दाब वाढतो आणि छताला आतून वर ढकलतो. बाहेरून वाहणारा वारा त्याच वेळी छताला वर ओढत असतो. दोन्ही जोर एकत्र आले की छप्पर उचकटतं, आणि मग पाऊस सगळ्या घरात. दाब समान व्हावा म्हणून वादळात एखादी खिडकी उघडी ठेवावी, हा जुना सल्ला म्हणूनच उलटा आहे.

१९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात हजारो घरं उद्ध्वस्त केली. त्यानंतर तिथल्या मायामी-डेड परगण्याने खिडक्यांच्या चाचण्यांचे कडक नियम केले, आणि आजही आघातरोधक खिडकीची भाषा तिथूनच येते. जमिनीलगतच्या खिडक्यांसाठीच्या चाचणीत सुमारे ४.१ किलोची लाकडी फळी ताशी ५५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने काचेवर मारतात. एवढ्यावर सुटका होत नाही. तडकलेल्या त्याच खिडकीवर दाब देणं आणि ओढणं असं मिळून ९,००० वेळा करतात. वादळाचे झोत तासन् तास येत राहतात, आणि तडकलेली काच बहुधा मधून फाटण्याऐवजी चौकटीच्या कडेतून निसटते. त्यामुळे परीक्षा पूर्ण खिडकीची होते: काच, चौकट, कड्या, भिंतीतले बोल्ट, सगळ्यांची.

यातूनच सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. जुन्या लाकडी चौकटीत नुसती लॅमिनेटेड काच बसवली तर चालेल का? चोर आणि आवाज यांच्यासाठी चालेल. वादळासाठी नाही. खिळ्यांवर आणि वाळलेल्या लांबीवर (पुट्टीवर) टेकलेली काच कितीही चिवट असली तरी पहिल्या मोठ्या झोतात अख्खी बाहेर येऊ शकते. काचेवर चिकटवायच्या सेफ्टी फिल्मचंही तेच. फिल्म तुकडे धरून ठेवते, पण तिच्या कडा चौकटीला पक्क्या बांधलेल्या नसतील तर सगळं तावदान एकसंध आत येतं.

वादळासाठी खरी स्पर्धा आहे ती शटरशी, म्हणजे वादळाआधी खिडकीवर बाहेरून लावायच्या आवरणाशी. शटर किंवा जाड प्लायवूडच्या फळ्या बऱ्याच स्वस्त पडतात, आणि त्यांची एक बाजू विक्रेते सांगत नाहीत: मार शटरवर बसतो, मागची काच बहुधा शाबूत राहते. आघातरोधक खिडकीवर मार बसला तर घर वाचतं, पण तावदान बदलावं लागतं. शटरची अडचण माणसांची आहे. ते कुणीतरी वेळेवर लावायला हवं. घरी फक्त वयस्क मंडळी असतील, घर वरच्या मजल्यावर असेल, किंवा तुम्ही महिनोन् महिने बाहेरगावी असाल, तर शटरवर विसंबू नका. घरात धडधाकट माणसं असतील आणि वादळाची सूचना एखाद-दोन दिवस आधी मिळत असेल, तर मी शटरच घेईन आणि उरलेले पैसे छत भिंतींना नीट बांधून घेण्यात घालीन.

चोरासाठी लॅमिनेटेड काच खरोखर कामाची आहे. पुन्हा पुन्हा घाव घालावे लागतात, आवाज होतो, वेळ जातो. पण हाच गुण आगीत उलटतो. आतल्या माणसालाही ती काच चटकन फोडता येत नाही. प्रत्येक झोपायच्या खोलीत किल्ली न शोधता उघडणारी, माणूस बाहेर पडू शकेल एवढी एक तरी खिडकी हवीच. पक्क्या लोखंडी जाळ्या बसवून निवांत झोपणाऱ्यांनीही हे वाक्य पुन्हा वाचावं.

आवाज बहुतेक वेळा काचेतून कमी आणि फटींतून जास्त येतो. आधी पल्ल्यांना रबराची पट्टी लावून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर जुनी खिडकी तशीच ठेवून तिच्या आत सुमारे १० सेंटिमीटर अंतर सोडून दुसरा काचेचा पल्ला बसवा. एवढ्या अंतराची ही जोडी आवाज अडवण्यात अनेक महागड्या खिडक्यांना मागे टाकते.

उष्णतेबाबत तर एकेरी लॅमिनेटेड काच जवळपास साध्या काचेसारखीच वागते. पीव्हीबी अतिनील किरणं जवळपास सगळी अडवतं, त्यामुळे पडदे कमी विटतात, पण खोली गार होत नाही. त्यासाठी हवेची पोकळी असलेली दुहेरी काच लागते. तिच्यातून साध्या काचेच्या साधारण निम्मी उष्णता वाहते. थेट ऊन हीच अडचण असेल तर बाहेरून सावली करणं त्याहून स्वस्त.

जुन्या लाकडाचा निकाल स्क्रूड्रायव्हर लावतो. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात टोक दाबा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय आणि चौकट जायलाच हवी. टणक लागलं तर सुताराला बोलवा, चांगल्या जुन्या लाकडाला अजून बरीच वर्षं आहेत.

निम्म्या खिडक्या आत्ता आणि निम्म्या नंतर केल्या तर? चोर आणि आवाज यांच्यासाठी बेशक करा: तळमजला आधी, रस्त्याकडची झोपायची खोली आधी. वादळासाठी मात्र अर्धवट काम फसवं असतं, कारण एक मोठं भोकही पुरतं. खिडक्या पक्क्या आणि गाडीच्या खोलीचं रुंद दार लेचंपेचं असेल, तर सुरुवात त्या दारापासून करा.

बदलायचंच ठरलं तर दरपत्रकासोबत पूर्ण खिडकीच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा. ते काचेपुरतं नको, आणि तुमच्या मापाच्या किंवा त्याहून मोठ्या खिडकीचं हवं. चाचणी छोट्या खिडकीची झाली असेल तर ती तुमच्या रुंद स्लायडिंगला लागू होत नाही. भिंतीत बोल्ट किती खोल आणि किती अंतरावर जाणार हे लेखी घ्या, आणि बसवणारे आले की स्वतः उभं राहून मोजा. चौकटीभोवती नुसता फोम भरून निघाले, तर शेवटचा हप्ता देऊ नका.