आश्विनातला ‘नवा गहू’ आणि माझे १४,५०० रुपये

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५ रोजी आम्ही घरातले पाच जण इंदूरहून देपालपूरच्या दिशेला असलेल्या एका कसब्यातील पीक-मेळाव्याला गेलो होतो. सोयाबीन नुकतेच निघाले होते, सजवलेले बैल आणि ट्रॅक्टर एका रांगेत उभे होते, दाल-बाफल्यांचा घाणा सुरू होता आणि नातू भुट्ट्याच्या किसावरून उठायला तयार नव्हता. दिवस छान गेला हे मान्य करतो, कारण त्या प्रसन्नतेनेच माझा घात केला.

मी भोळा नाही. चौतीस वर्षे लेखा विभागात इतरांच्या पावत्या तपासण्यात गेली आहेत, आणि क्यूआर कोड लावून पसार होणाऱ्यांच्या कथा मी स्वतः इतरांना ऐकवत आलो आहे. पण हा मनुष्य तशा कथेतला वाटत नव्हता. धोतर, उन्हाने रापलेला चेहरा, मागे पोत्यांची थप्पी आणि वर ‘शेतातून थेट घरी’ असा फलक. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये असताना व्यापारी चार हजारांच्या वर जात नाहीत, रोकड हवी म्हणून शरबती गहू ३,९०० रुपये क्विंटलने काढतो आहे, असे त्याने सांगितले. हमीभावाचा आकडा खरा होता, आणि खऱ्या आकड्याच्या आडोशाने खोटे किती सहज आत शिरते हे मला उशिरा कळले. सालभराचा गहू एकदम भरणाऱ्या आमच्यासारख्या घरांना सिहोरच्या शरबतीचा मोह किती असतो, हे माळव्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

त्याने माझ्या तळहातावर मूठभर दाणे ठेवले. सोनेरी, टपोरे, वजनदार. ‘आठ दिवसांपूर्वी खळ्यावरून आलेला नवा गहू आहे,’ असे तो म्हणाला, आणि मी दाणे चोळत राहिलो. माळव्यात गव्हाची पेरणी दिवाळीच्या आगेमागे होते आणि काढणी फाल्गुन-चैत्रात. ज्या मेळाव्यात सोयाबीन, मका आणि उडदाचे ढीग लागले होते, तिथे नवा गहू असणे म्हणजे पौषात हापूस मिळण्यासारखे होते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. शिवाय ही शेजारीच उभी होती आणि स्पष्ट म्हणाली, “अहो, आश्विनात नवा गहू कुठून यायचा?” त्यावर त्या माणसाला तोंड उघडण्याची गरजच पडली नाही. मीच तिला म्हटले, “अगं, कोठीतला म्हणायचे असेल त्याला.” चोराची वकिली मी फुकट केली. तो क्षण आजही रात्री दोन-तीनदा मला जागे करतो.

तीन क्विंटलचे ११,७०० आणि पोचवण्याचे ४५० असे १२,१५० रुपये मी मोबाइलवरून भरले. पडद्यावर कुठल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचे नाव आले. ‘मेव्हण्याचे खाते आहे,’ असे उत्तर मिळाले आणि मी पिन टाकला. माल एकाचा आणि खाते दुसऱ्याचे असेल, तर खिशातून हात बाहेर काढूच नये. छापील पावतीवर शिक्का होता, पत्ता नव्हता.

गुरुवारी, ९ तारखेला, फोन आला की गाडी नाक्यावर अडली आहे, मंडीच्या अनुज्ञापत्रासाठी, म्हणजे माल नेण्याच्या परवान्यासाठी, २,३५० रुपये लागतील आणि ते पुढच्या खरेदीत वळते होतील. अनुज्ञापत्र नावाची गोष्ट मध्य प्रदेशात खरोखर असते, म्हणून तेही भरले. एकूण १४,५०० रुपये. त्यानंतर फोन बंद. शुक्रवार मी आशेवर काढला आणि शनिवारी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही माझी दुसरी घोडचूक, कारण पैसे खात्यात असेतोवरच रोखता येतात. ज्याला शंका येईल त्याने त्याच तासाला फोन करावा, घरात लाज वाटेल म्हणून थांबू नये.

पुढची कथा मात्र फसवणुकीपेक्षा संतापजनक आहे. आमच्या ठाण्यात सांगण्यात आले, “यह मामला हमारे यहाँ का नहीं है.” २०२१च्या डिसेंबरपासून शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि ग्रामीण भागाची व्यवस्था वेगळी, एवढ्या भांडवलावर मला ४० किलोमीटर पिटाळण्यात आले. तिथल्या अंमलदाराने पैसे शहरातल्या खात्यातून गेले म्हणून परत शहराकडे बोट दाखवले, आणि हा तर देण्याघेण्याचा दिवाणी वाद आहे, असेही ऐकवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावी लागते, आणि न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालील फसवणूक दखलपात्र आहे. हे मी छापील प्रत पुढे ठेवून वाचून दाखवले. त्यांनी प्रत शांतपणे परत केली आणि साहेब सोमवारी येतील असे सांगितले. सोमवारी साहेब बंदोबस्तावर होते. माझ्या तीन खेपांच्या पेट्रोलचे ९६० रुपये कोणत्या हद्दीत मोडतात, हे विचारायचे राहून गेले. जाताना अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नये; मी पहिल्या दिवशी सोडली.

बँकेने सांगितले की पिन मीच टाकला असल्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. त्यांचे म्हणणे नियमाला धरून असेलही, पण ते सांगताना त्या कर्मचाऱ्याने हसण्याची गरज नव्हती. मेळाव्याच्या आयोजकांनी तर कळसच केला. दुकानदाराकडून जागेचे १,५०० रुपये घेतले होते, ओळखपत्र घेतले नव्हते. ज्याला जागा दिली त्याचे नाव-गाव त्यांना माहीत नाही, आणि याबद्दल त्यांना यत्किंचितही संकोच नाही.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. मेळाव्याच्या दुसऱ्या रात्री कोजागरी होती. लोकमान्यनगरात गच्चीवर दूध आटत असताना मी त्या गव्हाचे दाणे पुडीतून काढून सर्वांच्या हातावर ठेवले आणि त्याचा नंबरही दिला. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी माझ्या शब्दावर दोन क्विंटलचे ८,१०० रुपये तिथेच बसल्या बसल्या पाठवले. परवा मी ती रक्कम पाकिटात घालून त्यांच्याकडे गेलो. ते “राहू द्या हो” म्हणतील अशी आशा मनात होती. त्यांनी नोटा मोजून घेतल्या.