‘बाहेरच्या प्रभावा’च्या नावाखाली माथी मारलेला नवाहो गालिचा

अमेरिकेतील सांता फे येथील एका दुकानातून १९१० च्या सुमाराचा नवाहो (तिथल्या नैऋत्य भागातील आदिवासी समाज) गालिचा म्हणून ४,२०० डॉलर मोजून मी जी वस्तू घेतली, ती मेक्सिकोतील ओआहाकाकडची, जेमतेम २५० डॉलरची नक्कल निघाली. आणि एवढे कळण्यासाठी जाणकाराला आणखी १५० डॉलर द्यावे लागले.

चीड याची येते की विक्रेत्याने सांगितलेला इतिहास खरा होता. नवाहो मुलखातल्या क्रिस्टल गावचा व्यापारी जे. बी. मूर याने १९०३ आणि १९११ मध्ये छापील सूचिपत्रे काढली आणि पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांना रुचावी म्हणून कॉकेशसकडच्या गालिच्यांसारखी किनार, मधले पदक व हुकासारख्या वळणांची नक्षी विणकर स्त्रियांकडून करवून घेतली. गनाडो गावचा व्यापारी हबल याने तर नमुन्यांची चित्रेच भिंतीवर टांगली होती. त्यामुळे मला जे जे खटकले, त्यावर विक्रेत्याकडे ‘बाहेरचा प्रभाव’ हे उत्तर तयार होते.

गालिचा उलटला तेव्हा दोन्ही टोकांना ताण्याचे (उभे) धागे कापून आत खुपसलेले मला स्पष्ट दिसले. मी विचारलेही. “इराणी गालिच्यांना टोकाला लोंबत्या दशा असतात, तशाच इथेही आल्या, पुढे कोणीतरी त्या आत वळवल्या,” असे विक्रेता म्हणाला. तिथूनच उठायला हवे होते! व्यापाऱ्यांनी नक्षी, रंग, आकार बदलवले; नवाहोंचा उभा माग बदलला नाही. त्यावर ताणा अखंड फिरवलेला असतो, म्हणून कापलेली टोके उरत नाहीत. मात्र गॅलप गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान नवाहो विणींना एका टोकाला दशा असतात आणि जर्मनटाउन नावाच्या गिरणीतल्या लोकरीच्या काही कांबळ्यांना मागाहून झालर लावलेली असते, हे मी वाचले होते. म्हणूनच त्याचे बोलणे पटले, आणि वाचलेल्या कोणालाही पटले असते. कडेचे उभे धागे दोन-तीन एकत्र लागतात का, हे बोटांनी चाचपून पाहा. तशी कड बहुधा मेक्सिकोच्या मागाची असते.

पोलिसांनी ‘दिवाणी बाब’ म्हणून हात झटकले. आदिवासी कला-हस्तकलांबद्दलच्या १९९० च्या अमेरिकी कायद्यात अशा खोट्या विक्रीसाठी पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तो १९३५ नंतर बनलेल्या वस्तूंना लागू; आणि माझ्या पावतीवर १९१० लिहिलेले, म्हणून माझा तक्रारीचा अर्ज परत! म्हणजे खोट्या सालानेच खोटेपणाला संरक्षण द्यायचे. जाणकाराचा अहवाल जोडला, तर प्रकरण राज्याच्या ग्राहक विभागाकडे ढकलले. तेथून दुकानदाराशी सामोपचाराने बोलण्याचा सल्ला आला.

२०० डॉलरच्या सवलतीसाठी बँकेतून थेट पैसे पाठवू नका. कार्डाने दिले असते, तर निदान व्यवहाराला हरकत घेता आली असती.