शनिवारवाडा की विश्रामबागवाडा? हातात एकच दुपार असेल तर

पुण्यात वाडा बघायचाय म्हटलं की सगळे आधी शनिवारवाडाच सांगतात, नावच एवढं मोठं आहे ना. पण आत गेल्यावर वाडा कुठेय असं विचारायची वेळ येते, कारण 1828 च्या आगीत लाकडाचं सगळं गेलं, आता उरलीयेत ती जोती, हजारी कारंजं आणि भोवतीचा तट. पहिल्या बाजीरावांनी 1730 मध्ये पाया घातला, 1732 ला वास्तुशांत, खर्च 16,110 रुपये (आज तेवढ्यात एक खोली रंगवून होणार नाही). दिल्ली दरवाजा मात्र जबरदस्त, हत्तींना अडवायला ठोकलेले खिळे जवळ जाऊन बघा आणि वर नगारखान्यातही चढा. तटाकडे नीट बघितलंत तर खाली घडीव दगड आणि वर वीट असं दिसेल. सांगतात असं की दगडी किल्ला बांधणं हा छत्रपतींचाच मान, म्हणून साताऱ्याहून हरकत आली आणि पुढचं काम विटेत केलं. खरंखोटं देव जाणे, पण दगड आणि वीट जिथे मिळतात ती रेघ डोळ्याला दिसते एवढं खरं.

विश्रामबागवाडा त्यामानाने नवा, 1807 च्या सुमाराचा, दुसऱ्या बाजीरावांचा, म्हणजे राज्य बुडायच्या दहा-अकरा वर्षं आधीचा. लढाईचा काही संबंध नाही, हे राहतं घर. बाजीराव रोडवर उभं राहून वर बघा, मेघडंबरी आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब, केळफुलांचं नक्षीकाम, असं काम शनिवारवाड्यात आता बघायला मिळणारच नाही. आणि वाडा उभा कसा राहतो हे इथेच कळतं, दगडी जोतं, त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे विटेचं बांधकाम, भार मुख्यतः लाकूड घेतं, म्हणून तर पाणी मुरलं की पहिलं दुखणं खांबाच्या बुडाशी सुरू होतं. आग यालाही लागली, 1879 ला, एक भाग जळाला आणि लोकांनी वर्गणी काढून परत उभा केला. 1821 ला इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे सरकारी कचेऱ्या आल्या. वापरात राहिला म्हणूनच वाचला असं माझं तरी मत आहे, मग त्या कचेऱ्यांनी भिंतींना कितीही खिळे ठोकले असोत.

तर इतिहास अंगावर यायला हवा असेल, मुलं बरोबर असतील, मोकळी जागा हवी असेल तर शनिवारवाडा. बांधकाम, कोरीवकाम, चौक-सोपा बघायचा असेल, किंवा स्वतःच्या जुन्या घराची दुरुस्ती डोक्यात असेल तर सरळ विश्रामबाग, फक्त वरचा मजला उघडा आहे का ते आधी विचारून जा. मी तर विश्रामबागच सांगेन. दोन्हीत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, दोन्ही जमलं तर उत्तमच, पण विश्रामबाग आधी करा, म्हणजे शनिवारवाड्याच्या रिकाम्या जोत्यांवर काय उभं असेल त्याचा निदान अंदाज तरी येतो.