पेटीवाल्यांना हार्मनी शिकायला म्यूझस्कोअर कितपत कामाचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पेटीवर बसणाऱ्यांची वाण नाही. पं. रामभाऊ विजापुरे यांनी शिष्य घडवले ते याच मातीत. पण हार्मनी, म्हणजे चालीखाली एकाच वेळी इतर सूर जुळवणं, शिकायला घेतली की पेटीची मर्यादा लगेच समोर येते. डावा हात भात्यावर, उजव्या हातात जेमतेम तीन-चार सूर, आणि बास, म्हणजे सगळ्यांत खालचा सूर, धरायला कोणी उरत नाही. हार्मनीचा निम्मा अर्थ बासमध्ये असतो. सा-ग-प या कॉर्डखाली (एकदम वाजणाऱ्या तीन सुरांच्या जुडीखाली) खर्जातला सा असेल तर ती बसून राहते. तिथे पंचम ठेवला की तीच कॉर्ड पुढे कुठेतरी जायला बघते. पायपेटीवर दोन्ही हात मोकळे असतात, पण पायपेटी आता कोणाकडे आहे? ही उणीव भरून काढायला म्यूझस्कोअर स्टुडिओ हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर चांगलं, आणि ते पूर्ण मोफत आहे.

मोफत ते म्यूझस्कोअर डॉट ऑर्गवालं. डॉट कॉमवर दुसऱ्यांनी लिहिलेल्या रचनांचा साठा आहे आणि तिथे वर्गणी मागतात. सॉफ्टवेअर समजून तिथे पैसे भरू नका. चौथी आवृत्ती जुन्या लॅपटॉपवर जड जाते. तसा लॅपटॉप असेल तर ३.६.२ ही आधीची आवृत्ती उतरवा, अभ्यासाला ती पुरते. म्यूझ साउंड्सचे भारी आवाज वेगळे उतरवावे लागतात आणि डिस्कवर बरीच जागा खातात. सुरुवातीला त्यांची गरज नाही, साध्या पियानोच्या आवाजात चुका जास्त स्पष्ट ऐकू येतात.

नवीन स्कोअर उघडताना कोरल विभागातला एसएटीबी साचा घ्या, म्हणजे सोप्रानो, अल्टो, टेनर, बास अशा चार वेगळ्या ओळी मिळतात. दोन ओळींत चार आवाज बसवणारा साचाही आहे, कागद वाचतो, पण मग चौथ्या आवृत्तीच्या मिक्सरमध्ये (प्रत्येक ओळीचा आवाज कमी-जास्त करायची खिडकी) एकेक आवाज सुटा बंद करता येत नाही, आणि इथे तर तेच हवं आहे. कीबोर्डवर एन दाबून लिहिणं सुरू करा; ५ ही कळ म्हणजे एक मात्रेचा सूर, ४ म्हणजे अर्ध्या मात्रेचा, ६ म्हणजे दोन मात्रांचा. आधी वरची चाल पूर्ण लिहा, मग बास, मधले दोन आवाज शेवटी. एफ१० ने मिक्सर उघडतो.

हे सॉफ्टवेअर शिकवत मात्र काही नाही. लिहाल ते वाजवतं, चूक असली तरी तितक्याच प्रेमाने. गळ्याच्या पल्ल्याबाहेरचा सूर रंग बदलून दाखवतं, एवढीच काय ती मदत. बासमध्ये सा आणि टेनरमध्ये प, पुढच्या कॉर्डला बास रे आणि टेनर ध: ही समांतर पंचमांची चूक (सा-प एवढं अंतर राखून दोन आवाज एकाच दिशेने सरकणं) ते पकडत नाही. ती चूक का, तर दोन्ही आवाज एकमेकांना चिकटून चालतात आणि चारांचे तीनच ऐकू येतात. बास वर चढला की वरचे तिन्ही आवाज खाली उतरवा, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. पंचमाच्या कॉर्डमध्ये शुद्ध नी दोन आवाजांना देऊ नका. दोघेही सा कडे धावतात आणि समांतर सप्तक तयार होतं, म्हणजे दोन आवाज एकच चाल चालतात. तपासायला चार आवाजांच्या सहा जोड्या होतात. मिक्सरमध्ये दोनच आवाज चालू ठेवून एकेक जोडी ऐका. कंटाळवाणं काम आहे, पण कान यानेच तयार होतो.

खरी मजा आणि खरी फसगत रागातल्या चालीत. भूपातलं भजन घ्या. सा रे ग प ध एवढ्या सुरांत पूर्ण कॉर्ड दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. सवयीने मध्यमाची कॉर्ड लावली की वर्ज्य म आत शिरला, पंचमाची लावली की नी. पंचमावर प-सा-रे असे तीन सूर ठेवा. ओढ राहते आणि भूपही शाबूत राहतो. दुर्गा याहून अवघड: ग नसल्यामुळे सा ची कॉर्डच पूर्ण होत नाही, म-ध-सा मात्र पूर्ण होते, आणि ऐकणाऱ्याला म हाच सा वाटायला लागतो. यमनमध्ये रे-तीव्र म-ध ही कॉर्ड वाजवून पंचमाच्या कॉर्डवर उतरलात की सा गेलाच, पंचम घरमालक झाला. उपाय एकच: बासमध्ये सा धरून ठेवा आणि रे ची कॉर्ड त्याच्या वरूनच जाऊ द्या. रे च्या कॉर्डखाली सा आणि रे अशा दोन्ही तऱ्हा लिहून पाठोपाठ वाजवा, फरक लगेच कळेल.

म्यूझस्कोअरमधला गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा वाजतो. त्याचा दोष सॉफ्टवेअरला देण्यात अर्थ नाही, बाजारच्या पेटीतही तेच असतं.

लग्नाच्या बँडसाठी लिहिणाऱ्यांना तर हे घ्यावंच लागेल. क्लॅरिनेट आणि सॅक्स कागदावरच्या सुरापेक्षा वेगळा सूर वाजवतात, म्हणून पेटीवर चाल काळी दोनमध्ये (ई फ्लॅट) बसली असेल तर क्लॅरिनेटला ती एफ मेजरमध्ये, आल्टो सॅक्सला सी मेजरमध्ये लिहावी लागते, दोघांनाही सोपं. काळी पाच (बी फ्लॅट) घेतली तर क्लॅरिनेट थेट सी मेजरमध्ये येतो. काळी एकला मात्र सी शार्प न निवडता डी फ्लॅट निवडा, नाहीतर सात शार्प बघून वाजवणारा कागद परत देईल. कॉन्सर्ट पिचचं बटण चालू ठेवून सगळं खऱ्या सुरात लिहा आणि छापण्याआधी ते बंद करा. प्रत्येक वाद्याची पट्टी आपोआप बदलते. हे बटण बंद करायला विसरलात तर क्लॅरिनेट सगळ्यांच्या एक पूर्ण स्वर खाली वाजतो. मराठी शब्द घालायचे तर कंट्रोल एल, आणि त्याआधी स्टाइलमध्ये लिरिक्सचा फॉन्ट देवनागरी करून घ्या.