तीन महिन्यांचा राळा पाच दिवसांत फस्त: पाखरांचा चारा गच्चीवर पिकवला, त्याचे दहा महिने

गेल्या मृगात सुरुवात केली, आता चैत्र चालू आहे. पावसाळा, हिवाळा आणि अमळनेरच्या उन्हाची पहिली झळ, एवढं सगळं बघून लिहितेय. घरात सहा बजी (बजरीगर, छोटे रंगीत पोपट) आहेत. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते बहुतेक हेच. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, माळावरच्या गवताचं बी टिपून जगणारे. (आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी राघू आणू नका.)

निकाल आधीच सांगते. पाखरांचं पोट भरेल एवढा दाणा गच्चीवर पिकवायच्या फंदात पडू नका. हिरवा चारा मात्र जरूर पिकवा.

दाण्याचा नाद मला लागला तो दुकानातल्या पिशवीमुळे. ती पिशवी ताजी आहे का, हे बघायला त्यातले १०० दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तिसऱ्या दिवशी मोजले तर ३१ उगवलेले. बाकीचे जुने, मेलेले. मग सातपुड्याच्या पायथ्याच्या आठवडे बाजारातून राळा आणला. दुकानात ‘कांगणी’ म्हणून मिळते ती हीच. त्याचे १०० पैकी ८८ उगवले.

तेलाचे ७ डबे आडवे चिरून १४ वाफे केले. बारांत राळा, दोनांत बाजरी. पहिल्यांदा नुसती काळी माती भरली, तिथेच चुकलं. शेतात ती सोनं, पण डब्यात पाणी दिलं की चिखल आणि दोन दिवस चुकलं की कडेनं भेगा. पाणी भेगेतून सरळ खाली. सगळं उपसून शेणखत नि वाळू मिसळली, तेव्हा कुठे रोपं उभी राहिली. बियाणं धान्याचंच वापरा. कृषी केंद्रातलं संकरित बाजरीचं बी औषध लावलेलं, गुलाबी-लाल रंगाचं असतं. ते पेरायला ठीक, पण उरलेलं चुकूनही पिंजऱ्यात टाकू नका.

बाजरीनं निराशा केली. नेमकी फुलोऱ्यात झड लागली आणि कणसांवर मधासारखे चिकट थेंब दिसायला लागले. हा अरगट, बुरशीचा रोग. पुढे त्याच जागी काळपट, लांबट गाठी धरतात आणि त्या विषारी असतात. दोन्ही वाफे उपटून टाकले.

राळ्याची कणसं मात्र छान वाकली. चिमण्यांना आणि मुनियांना ती माझ्या आधी दिसली. जुनी मच्छरदाणी फाडून झाकली, तेव्हा वाचली. भाद्रपद सरता सरता कापणी, झोडणी, सासूबाईंनी सुपात पाखडलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरला २१० ग्रॅम! एक बजी दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे दाणा खातो. सहा जणांनी पाचव्या दिवशी भांडं रिकामं केलं. सासूबाई आधीपासूनच म्हणत होत्या, “माय वं, आपलाले मेथी नई अन् पाखरेसले वाफा!” त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही.

तरीही राळा मी पुन्हा लावणार आहे, कारण दाणा चिकात असतानाचं कणीस. नखानं दाबलं की दुधासारखा थेंब येतो, तेव्हा देठासकट कापायचं आणि दांडीजवळ चिमट्यानं अडकवायचं. पहिले दोन दिवस सगळे लांब सरकून बसले होते. बजींना नवीन वस्तूचा फार संशय. तिसऱ्या दिवशी पिवळ्या मादीनं उलटं लटकून एक दाणा फोडला. चोच ओली झाली तशी मान झटकली आणि परत गेली. संध्याकाळपर्यंत कणसाचा नुसता सांगाडा राहिला. विकतच्या दाण्यावर हे कधीच बघितलं नव्हतं.

दाण्याला मोड आणून देणं सोपं वाटतं, पण आपल्याकडच्या हवेत तेच सगळ्यात धोक्याचं. रात्री भिजवून सकाळी निथळायचं, दिवसातून तीनदा धुवायचं, कोंब डोकावला की देऊन मोकळं व्हायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा डबा उघडला तर आंबिलीसारखा वास आला. धुऊन दिले, हा माझा शहाणपणा. दुसऱ्या दिवशी दोन पाखरं पिसं फुलवून कोपऱ्यात, विष्ठा पातळ आणि घाण वासाची. वाचली, पण तेव्हापासून उकाड्याची धास्ती, म्हणून मार्चपासून मोड बंद. ज्वारीचे मोड तर कुठल्याच ऋतूत नको. कोवळ्या ज्वारीनं जनावराला किराळ लागते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ते हायड्रोसायनिक आम्लाचं विष, कोंबातही असतं.

आता हिरव्याबद्दल. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या बजीला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. म्हणून मेथी. बोटभर झाली की कात्रीनं कापायची, हिवाळ्यात दर आठवड्याला एक वाफा तयार. गव्हाचं तृण घटासारखंच: परातीत माती, नऊ दिवसांत वीतभर. पालक कधीमधीच; त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं. शेवग्याचा पाला शेजारच्यांच्या झाडाचा, फुकट. भरताच्या वांग्याचं झाड गच्चीवर असेल तर ते पिंजऱ्यापासून लांब ठेवा, वांगी-टोमॅटोचा पाला चालत नाही. कोथिंबीर ओलीच द्या. खाण्याआधी त्यात लोळतात, पोटाखाली पंख घासून आंघोळ करतात, आणि अर्धी जुडी वाया जाते. जाऊ द्या.

हिरवं खाल्लं की विष्ठेत पाणी दिसतं. ते हगवण नव्हे. मी उगाच घाबरून मेथी चार दिवस बंद केली होती. दुसरं म्हणजे दाण्याचं भांडं वरून भरलेलं दिसतं, पण ती फोलपटं असतात. रोज फुंकर मारून बघा.

पैसे वाचले का? नाही. दाणा विकतच येतो, फक्त आता उगवण बघून घेते. भाजीचे थोडेफार वाचले असतील, पण आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड, त्यामुळे डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून वाफ्यांना घालावं लागलं.

मेथी आता उन्हानं पिवळी पडतेय. हिरव्या जाळीखाली पोकळा आणि घोळ तेवढे तग धरून आहेत, आणि घोळीची मांसल पानं बजींना आवडलीत. मृगात राळ्याचे चारच वाफे, तेही चिकात कापायला. उरलेल्या दहांत गिलकी लावायची, असं सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय.